श्रीपतराव पहिल्या खाचरात

तिकोणा पेठेहून महिपती मोहोळांचा फोन आला, तेव्हा श्रीपतराव केदारी एका चिक्कीवाल्याच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं परीक्षण लिहीत होते आणि त्यांना त्यात शिफारस करण्यासारखं एकच पान सापडलं होतं. ते जाहिरातीचं होतं. लोणावळ्याच्या 'साप्ताहिक दवंडी'त गेली अकरा वर्षं ते 'वाचून पाहिलं' हे सदर चालवत होते, पण अलीकडे त्यांच्याकडे पुस्तकं येईनाशी झाली होती. पतसंस्थेचा अहवाल झाला, शाळेचं हस्तलिखित झालं, मागच्या चैत्रात तर त्यांनी पंचांगाचं परीक्षण केलं आणि 'उत्तरार्ध काहीसा घाईत उरकला आहे' असा शेराही मारला. मात्र एक नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय ते एक ओळ लिहीत नसत. पंचांगसुद्धा त्यांनी पूर्ण वाचलं होतं.

"शिरपा, आमच्या तेजलनं गेम केलाय," महिपती म्हणाले. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे फोनवर नमस्कार-चमत्कार होत नसत.

"कसला गेम?"

"मोबाईलातला. भातलावनीचा. 'चिखलणी' नाव ठिवलंय. इंजनेर झाल्यावर दोन वर्सं घरात बसून एकटीनं केलाय. आता हिंजवडीच्या कंपनीचं पत्र आलंय, पुढल्या म्हैन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं. ती म्हनती, आबा, आजून एक वरीस द्या, दुसरा करते. मला त्यातलं काय कळतंय? म्या म्हनलं, पेपरात लिवनारा जानता मानूस बघंल. त्यानं चांगला म्हनला तर वरीस दिलं, न्हाई म्हनला तर बॅग भर. तिलाबी पटलंय."

"मग आता जाणता माणूस शोधायला हवा."

"तुलाच म्हनतोय. आन् माजी पोरगी म्हनून ग्वाड लिवू नको."

"मी कधी लिहिलंय का गोड?"

"म्हनून तर तुला फोन केला," महिपती म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

श्रीपतरावांची छाती फुगली, पण तेवढ्यापुरतीच. जुलैची पहिली तारीख होती. एका मुलीचं अख्खं वर्ष त्यांच्या लेखणीवर ठेवलं गेलं होतं, आणि त्यांनी खेळलेला शेवटचा खेळ म्हणजे कॉलेजातला कॅरम. त्यातही ते बहुतेक वेळा पावडर टाकायचं काम करत.

पण माणूस मुळात चौकस. एका सरकारी कार्यालयात ते आवक-जावक शाखेत वरिष्ठ लिपिक होते आणि जे येईल त्याला क्रमांक देऊन नोंदवून घ्यायचं हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. त्यांनी नवी वही आणली, समास आखला आणि ठरवलं की आधी इतरांचे चार छोटे खेळ खेळून बघायचे, मग तेजलच्या खेळाला हात लावायचा. कादंबरीचं परीक्षण करणाऱ्याने आधी दोन-चार कादंबऱ्या वाचलेल्या बऱ्या असतात, असं त्यांचं मत होतं. सगळ्याच परीक्षकांचं ते नसतं.

पहिली अडचण दारातच आली. खातं उघडताना 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' असं फर्मान निघालं आणि सिग्नल असलेली चित्रं निवडायला सांगितली. सिग्नलचा खांब हा सिग्नलमध्ये धरायचा की नाही, याबद्दल काहीच खुलासा नव्हता. श्रीपतरावांच्या मते खांबाशिवाय सिग्नल उभा राहू शकत नाही, सबब तो धरलाच पाहिजे. तीनदा त्यांना नाकारण्यात आलं. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला आपण यंत्र नाही हे पटवून देता येईना, म्हणून शेवटी शुभदाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पोळ्या लाटता लाटता कोपराने बटणं दाबून ते काम केलं.

मग मात्र श्रीपतराव त्या जगात हरवले. एका खेळात एक म्हातारी डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत बसली होती, एवढंच. दुसऱ्यात एक गोगलगाय डोंगरावरच्या घरांना टपाल पोचवत होती आणि तिला कसलीही घाई नव्हती. चार दिवस खपून त्यांनी गोगलगाय माथ्यावर नेली. तिथे काहीच झालं नाही. ती नुसती समुद्राकडे बघत बसली. श्रीपतरावही दहा मिनिटं तिच्याबरोबर बघत बसले आणि मग त्यांनी वहीत लिहिलं : 'शेवटी काहीही घडत नाही. तरी बरं वाटलं. कारण शोधणे.' हे असले खेळ बहुतेक वेळा एखाददुसऱ्या माणसाने घरी बसून केलेले असतात, हे कळल्यावर त्यांना आणखीच नवल वाटलं. कुणा परक्या देशातल्या माणसाला गोगलगाईबद्दल एवढं काय वाटत असावं, याचा विचार करत ते दोन दिवस ऑफिसात चुकीचे क्रमांक टाकत होते.

इतरांनी लिहिलेली परीक्षणंही त्यांनी वाचली. एकाने एक खेळ हजार तास खेळून 'वेळ घालवू नका' असं लिहिलं होतं. श्रीपतरावांनी कागदावर हिशेब केला. दिवसरात्र धरून एकेचाळीस दिवस होत होते. इतका चिवट समीक्षक आपल्याकडे झाला नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

दहाव्या दिवशी त्यांनी 'चिखलणी'ला हात घालायचं ठरवलं, आणि लोणावळ्यात, ते राहत त्या वलवणमध्ये, त्या आठवड्यात धुकं असं उतरलं की फोनचं नेटवर्क गुडूप झालं. सोसायटीत वायफाय होतं, पण ते कॅमेऱ्यांसाठी. श्रीपतरावांनी सेक्रेटरी हौशीराम टेमघरे यांच्याकडे रीतसर अर्ज केला. टेमघरे कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सोसायटीच्या मागे लागले होते. अर्जात 'कारण' असा रकाना होता. दुसरा कुणी असता तर त्याने 'कार्यालयीन काम' लिहिलं असतं. श्रीपतरावांनी 'गेम खेळणे' असं लिहिलं, कारण खोटी नोंद त्यांच्या हातून होत नसे.

कमिटीने अर्ज मंजूर केला, पण एका अटीवर. वायफाय सार्वजनिक मालमत्ता असल्यामुळे वापर सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात, कॅमेऱ्यासमोर करावा. त्यामुळे चोपन्न वर्षांचे श्रीपतराव रोज संध्याकाळी सहा ते आठ काचेच्या दारामागे फोन घेऊन बसू लागले आणि भाजी घेऊन येणारा प्रत्येक जण थांबून आत डोकावू लागला.

खेळ मात्र देखणा होता. वर तिकोणा किल्ला, खाली पवनेचं पाणी आणि मधे पायऱ्यापायऱ्यांची भाताची खाचरं. एक खाचर आपलं. बांधावर रोपांच्या मुठी ठेवलेल्या, मधेच एखादा बगळा. बोट टेकवलं की आपला माणूस वाकून एक रोप लावायचा आणि चिखलाचा असा आवाज यायचा की श्रीपतरावांनी पहिल्या दिवशी नकळत चप्पल काढून ठेवली. शेजारच्या खाचरांत इतर माणसं आपापलं काम करत असायची. मधेच कुणी मान वर करून विचारायचं, 'बरं हाय का?' त्याला उत्तर देण्यासाठी 'बरं हाय' असं बटण होतं. श्रीपतराव ते न चुकता दाबत. शिष्टाचार शिष्टाचाराच्या जागी.

पण लावणी पुरी होईना. खेळातले पाच दिवस मिळायचे. पाचव्या दिवशी मावळतीला अर्ध्याहून अधिक खाचर मोकळं असायचं, आणि पडद्यावर एकच ओळ यायची : 'रोप पिवळं पडलं.' मग पुन्हा पहिल्यापासून. श्रीपतराव पहिल्या दिवशी चार वेळा पिवळे पडले, दुसऱ्या दिवशी सहा वेळा.

"तुमची हालचाल फार फुकट जाते," टेमघऱ्यांनी मागून सांगितलं. ते घड्याळ लावून उभे होते. "एका रोपाला तुम्हाला दीड सेकंद लागतो. अर्ध्या सेकंदावर आणला पाहिजे. दोन्ही अंगठे वापरा."

दोन अंगठ्यांनी दोन ओळी जास्त झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी फोनच्या काचेवर टाल्कम पावडर चोळायला सांगितलं, त्यामुळे बोट घसरून रोपं बांधावर लागू लागली. कुणी म्हणालं फोन थंड असावा लागतो, म्हणून एके दिवशी तो फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवून झाला. टेमघऱ्यांनी तर भिंतीवर तक्ता लावून रोजचं उत्पादन आलेखात काढायला सुरुवात केली. आलेख तीन दिवस वर गेला आणि मग पावडरीच्या दिवशी कोसळला. त्याखाली टेमघऱ्यांनी लाल शाईने 'कामगाराची बेफिकिरी' असं लिहिलं, आणि तो तक्ता येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होता.

या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच सुचली नाही, श्रीपतरावांनाही नाही. त्यांच्या बोटाने आपल्या खाचराचा बांध एकदाही ओलांडला नव्हता. एकदा माणूस चुकून बांधावर चढला, तेव्हा त्यांनी तो घाईघाईने मागे घेतला. मावळात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून बांध म्हणजे काय चीज झाली आहे, हे आवक शाखेतल्या माणसाला सांगायला नको. वीतभर बांध कोरला म्हणून सख्ख्या भावांनी एकमेकांविरुद्ध केलेले अर्ज त्यांनी स्वतः क्रमांक टाकून घेतले होते. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, हे त्यांना इतकं स्वच्छ ठाऊक होतं की त्याचा विचारही करावा लागत नव्हता.

एका दिवसाची रजा टाकून सकाळपासून बसावं म्हणून त्यांनी ऑफिसात अर्ज दिला. कारण पुन्हा खरं लिहिलं. साहेबांनी त्यावर 'सविस्तर खुलासा करावा' असा शेरा मारून तो परत पाठवला. श्रीपतरावांनी दीड पानी खुलासा लिहिला. त्यावर 'खुलासा वाचला, अर्थबोध झाला नाही' असा शेरा आला, आणि तो कागद नोंदीसाठी आवक शाखेत, म्हणजे त्यांच्याच टेबलावर आला.

शेवटी त्यांनी तेजलला फोन केला. मदत मागायची नव्हती, ते परीक्षकाला शोभलं नसतं. त्यांनी फक्त तांत्रिक चौकशी केली.

"खेळात काही दोष तर राहिला नाही ना? म्हणजे, वेळ कमी पडतो असं कुणी म्हणालं का?"

"नाही काका," तेजल म्हणाली. "इथे सगळ्यांना जमतंय. हिरामावशीला पहिल्याच खेपेला जमलं."

हिरामावशी अंगठा उठवणारी बाई. श्रीपतरावांची कानशिलं गरम झाली.

"तुम्ही शेजारच्या माणसांशी बोलताय ना?" तिने विचारलं.

"रोज बोलतो. ते बरं हाय का म्हणतात, मी बरं हाय म्हणतो."

"काका, मी आणखी सांगितलं तर ते परीक्षण तुमचं राहणार नाही," ती म्हणाली. "आणि गेम एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही त्याला. तुम्ही घरी बसूनसुद्धा खेळू शकता."

म्हणजे नऊ संध्याकाळी ते काचेमागे विनाकारण बसले होते. श्रीपतरावांनी तक्ता न बघता सोसायटीच्या ऑफिसातून आपली चप्पल उचलली.

मंगळवारी, तेवीस तारखेला, मजकूर द्यायचा होता. गुरुवारचा अंक निघाला की पुढचा थेट एक तारखेला. सोमवारी संध्याकाळपर्यंत श्रीपतराव त्र्याहत्तर वेळा पिवळे पडले होते आणि पहिल्या खाचराच्या पुढे काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. लिहिलं नाही तर पोरगी लटकून राहणार. लिहिलं तर अकरा वर्षांचा नियम मोडणार. बराच वेळ वहीकडे बघून त्यांनी मनाची अशी समजूत घातली की जे पुस्तक पुढे उघडतच नाही, त्याचं पहिलं पान हेच शेवटचं. आणि त्यांनी लिहिलं. चित्रांची स्तुती केली, चिखलाच्या आवाजाची केली, बगळ्यांचीही केली. मग लिहिलं : 'परंतु मेहनती, एकाग्र व सुशिक्षित खेळाडूलाही एकट्याने ही लावणी वेळेत पुरी करता येत नाही. हा रचनेतील मूलभूत दोष होय. आजूबाजूचे शेतकरी केवळ शोभेसाठी ठेवले आहेत. सबब शिफारस करता येत नाही.' सही करताना त्यांना तेजल डोळ्यांपुढे दिसली आणि फार वाईट वाटलं. पण महिपतीने खरं लिहायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ते खरंच होतं.

'दवंडी'चे मालक, संपादक आणि छपाईवाले पप्पूशेठ. लग्नपत्रिकांमधून वेळ मिळाला की ते साप्ताहिक काढत. त्यांच्यापुढे वेगळाच पेच पडला. हे पुस्तक नाही, तेव्हा 'वाचून पाहिलं'मध्ये बसेना. क्रीडा पान कबड्डीने भरलं होतं. शेतीपान मात्र अर्धं रिकामं होतं, कारण सल्ला देणारे तज्ज्ञ लग्नाला गेले होते. मजकुरात रोप, लावणी, चिखल हे शब्द दिसत होतेच. गुरुवारी श्रीपतरावांचं परीक्षण धरणातून पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाशेजारी चौकटीत आलं, आणि वर जाड ठशात मथळा होता : 'एकट्याने लावणी अशक्य! श्रीपती केदारी यांचे परखड मत'. गेम हा शब्द सातव्या ओळीत होता. पाण्याच्या वेळापत्रकामुळे ते पान पवन मावळात घरोघर वाचलं जात असे.

दुपारपासून फोन सुरू झाले.

"केदारी सायेब का?" एकाने विचारलं. "एकट्यानं लावनी व्हत न्हाई म्हंता तुमी?"

"होत नाही. मी त्र्याहत्तर वेळा करून पाहिली."

"त्र्याहत्तर," पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने आणखी कुणाला तरी तो आकडा सांगितल्याचं ऐकू आलं. "बरं बरं. जपा जिवाला."

असे सात-आठ फोन आले. लोकांना आपलं म्हणणं पटतंय असा श्रीपतरावांचा समज झाला, फक्त सगळे फोन ठेवताना एवढे आनंदात का असतात ते त्यांना कळेना.

शुक्रवारी संध्याकाळी ते पुन्हा खेळायला बसले. परीक्षण छापून झालं होतं, टेमघऱ्यांचा तक्ता खाली तळमजल्यावरच राहिला होता, कुणाला काही दाखवायचं नव्हतं. तरी राहवेना. पहिल्या खाचराच्या पलीकडे काय असेल ही उत्सुकता काही जात नव्हती. शेजारी त्यांची धोंडाबाई आत्या बसली होती. मोतीबिंदू काढायला गावाहून आलेली ही बाई आठ दिवस हिरव्या चष्म्याआडून भिंतीकडे बघत होती, आणि आजच डॉक्टरांनी तिला चष्मा काढायची परवानगी दिली होती. समोर जे येईल ते ती अधाशासारखी बघत होती.

"ह्यो कोन?" तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"हा मी."

"आन् ही बाजूची?"

"शेजारी आहेत. त्यांचं त्यांचं काम चाललंय."

आत्याने जवळ सरकून दोन दिवसांची लावणी बघितली. म्हणजे खेळातले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आरं शिरपा, तू एकटाच वाकलाईस. तुज्याकडं कुनी का येईना?"

"कोण येणार? ज्याचं त्याचं खाचर आहे."

"तू गेलतास का कुनाच्या?"

श्रीपतरावांचं बोट थांबलं.

"आदी मानसानं जायचं आस्तंय," आत्या म्हणाली. "आज तुज्यात, उद्या माज्यात. सावड म्हंत्यात त्येला. तुजा बाप चौदा घरच्या लावनीला जायचा, मग आपल्या रानात चौदा घरची मानसं उबी ऱ्हायची. एकट्यानं लावनी कोन करतंय? यडं तरी करंल का?"

श्रीपतरावांनी हळूच आपला माणूस बांधावर चढवला. काही झालं नाही, कुणी हरकत घेतली नाही. त्यांनी त्याला पलीकडे उतरवला. शेजारच्या खाचरातली बाई वळली, 'या भाऊ' म्हणाली आणि तिने त्याच्या हातात एक मूठ दिली. त्यांनी तिच्या ओळीत रोपं लावली, मग पुढच्या बांधावरून खाली उतरून म्हाताऱ्याच्या खाचरात लावली, मग त्याच्या शेजारच्या. तो दिवस आणि चौथा दिवस ते स्वतःच्या खाचरात परत आलेच नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी पडदा उजाडला तेव्हा त्यांच्या बांधावर सहा माणसं उभी होती. सगळी एकदम पाण्यात उतरली, एका रेषेत वाकली आणि मागे मागे सरकत लावू लागली. खाचर बघता बघता हिरवं झालं. मग सगळे बांधावर भाकरी घेऊन बसले आणि श्रीपतरावांच्या माणसालाही मधे बसवून घेतलं.

श्रीपतरावांचे डोळे भरून आले. आत्याने त्यांना आपले डोळ्यांत घालायचे थेंब देऊ केले.

त्यानंतर पडदा वर सरकला. किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत अख्खं गाव उघडलं. केवढी घरं, केवढी माणसं, आणि प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं. श्रीपतराव दीड तास खेळले आणि मग त्यांना एकदम आपलं वाक्य आठवलं. आजूबाजूचे शेतकरी केवळ शोभेसाठी.

शनिवारी सकाळी ते छापखान्यात हजर झाले.

"दिलगिरी छापा," ते म्हणाले. "माझं परीक्षण चुकीचं आहे."

"तक्रार कुणाची आलीय?" पप्पूशेठने विचारलं.

"माझीच."

"तसं चालत नाही हो. दिलगिरी वकिलाच्या नोटिशीशिवाय छापत नाही आम्ही. आणि छापली तरी गुरुवारी, एक तारखेला."

"एक तारखेला ती मुलगी नोकरीवर हजर झालेली असेल."

"मग तुम्ही जाऊन सांगा," पप्पूशेठ म्हणाले आणि वधूच्या नावातली वेलांटी दुरुस्त करू लागले.

रविवारी श्रीपतरावांनी स्कूटर काढली. चिक्कीच्या दुकानांसमोर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती, तिच्यातून अंग चोरत ते दुधिवरे खिंडीत आले आणि पवनेच्या बाजूला उतरले. वाटेत त्यांनी माफीची तीन वाक्यं पाठ केली. तिकोणा पेठेला महिपतींच्या घराला कडी होती. सगळे खालच्या रानात होते. लावणी चालू होती, पंधरा-वीस माणसं पाण्यात वाकलेली, आणि श्रीपतराव बांधावर आले तशी एक म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, "आलं गं, त्र्याहत्तरवालं." सगळं रान हसलं. तीच हिरामावशी.

महिपती चिखलातून वर आले. श्रीपतरावांनी पाठ केलेली वाक्यं सुरू केली, पण पहिल्यातच गाडी अडली.

"महिपती, मी गेम पूर्ण न खेळता लिहिलं. मला येत नव्हतं म्हणून खेळाला नावं ठेवली. मी आयुष्यात पहिल्यांदा असं केलं आणि नेमकं तुझ्या पोरीच्या बाबतीत. गेम फार चांगला आहे. तिला वर्ष दे."

"दिलं की," महिपती म्हणाले.

"कधी?"

"गुरवारीच. तुजं वाचलं आन् लगीच दिलं. काल त्या कंपनीवाल्यांना न्हाई म्हनून कळवलंबी तिनं."

"माझं वाचून?" श्रीपतरावांनी विचारलं.

"आरं, मला काय वाटायचं, मोबाईलात बोट लावलं की आपोआप पीक येत आसंल. पोरं काय, कायबी करत्यात. पर तू लिवलंस, एकट्याला त्यात लावनी जमतच न्हाई. कितीबी शिकल्याला आसू दे. तवा म्हनलं, पोरीनं बरुबर केलंय. आमच्यात ऱ्हाऊन नीट बघितलंय तिनं." महिपतींनी हात धुतल्यासारखे चिखलाच्या पाण्यात बुडवले. "चवाट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं तुजं. लय हासले सगळे. तुला कोन वाईट न्हाई म्हनलं, तू न्हानपनीच गाव सोडून गेलेला मानूस."

ज्या दोषासाठी श्रीपतरावांनी खेळ नाकारला, त्याच दोषासाठी तो गावाने पसंत केला होता. परीक्षणाचा इतका उपयोग त्यांच्या अकरा वर्षांत कधी झाला नव्हता, आणि तो उलटा होऊन झाला होता. त्यांना सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी बांधाच्या बिळात शिरावंसं वाटलं. पलीकडच्या टोकाला तेजल रोपांच्या मुठी फेकत होती. तिने तिथूनच हात केला. ती हसत होती, पण चिडवण्यासारखी नाही.

"मग, येतोस का आत, का बांधावरूनच परीक्षान करनार?" महिपतींनी विचारलं.

श्रीपतरावांनी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, चष्मा खिशात ठेवला, पुन्हा काढून लावला आणि ते पाण्यात उतरले. पहिल्या दहा मिनिटांत ते दोनदा बसले. त्यांची ओळ हिरामावशीच्या ओळीत घुसली. तिने ती काही न बोलता उपटून परत लावली. अर्ध्या तासाने त्यांनी शेजारच्या माणसाला अंगठा कसा धरावा याबद्दल टेमघऱ्यांची पद्धत समजावून सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या माणसाने त्यांना पाणी प्यायला पाठवलं. दुपारी बांधावर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आली. त्यांना मधे बसवलं होतं. पाठ इतकी धरली होती की घास तोंडापर्यंत नेताना ते कण्हत होते, आणि त्यांना तिथून उठू नये असं वाटत होतं.

पुढचे आठ दिवस ते ऑफिसात उभ्यानेच क्रमांक टाकत होते.

ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी फोन वाजला. 'चिखलणी'त सुधारणा झाली होती, नवीन काहीतरी भरलं होतं. श्रीपतरावांनी खेळ उघडला. वरच्या अंगाला एक नवं खाचर दिसत होतं आणि त्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला एक चष्मेवाला माणूस उभा होता. त्याच्यावर बोट ठेवलं की तो काम थांबवून आधी 'हात असा नको, असा' असं सांगायचा. मग त्याच्या माहितीची पाटी यायची.

शुभदाताई खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली.

"'केदारी भाऊसाहेब, लोणावळा. हळू लावतात. ओळ वाकडी जाते. न विचारता सल्ला देतात. बोलावलं की येतात.'"

श्रीपतरावांनी पाटी स्वतः पुन्हा एकदा वाचली.

"ही चक्क बदनामी आहे," ते म्हणाले.

"मग तेजलला सांगा ना, काढून टाक म्हणावं."

"नको," श्रीपतराव म्हणाले. "शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे."